मूलद्रव्यांचे द्रवणांक

द्रवणांक (वितळबिंदू किंवा विलयबिंदू) म्हणजे ठरावीक दाबाखाली एखादा स्थायू पदार्थ ज्या तापमानाला द्रवरूप होतो ते तापमान होय. शुद्ध मूलद्रव्याचा द्रवणांक हा त्याचा अंगभूत गुणधर्म असून त्यावरून मूलद्रव्य ओळखता येते व त्याची शुद्धताही पारखता येते. मूलद्रव्यांच्या द्रवणांकांत विलक्षण तफावत आढळते. हायड्रोजन −२५९.१६ °से. इतक्या कमी तापमानालाच वितळतो, तर टंगस्टन वितळण्यासाठी ३४२२ °से. तापमान लागते.

मनुष्याने कोणता धातू केव्हा हाताळला, त्यापासून काय घडविले आणि काय घडविता आले नाही, हे बऱ्याच अंशी या आकड्यांनी ठरविले आहे. लोणारी कोळसा आणि हाताने चालविलेला भाता यांच्या साहाय्याने लहान भट्टीत साधारणपणे १२०० ते १३०० °से. पर्यंत पोहोचता येते. कथील, शिसे, जस्त, रुपे, सोने व तांबे हे धातू या मर्यादेच्या अलीकडे वितळतात. शुद्ध लोखंड तिच्या पलीकडे राहते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत आणि त्यांच्या माथ्यावरील महाबळेश्वरच्या पठारावर या मर्यादेच्या दोन्ही बाजूंची उदाहरणे मिळतात. प्रस्तुत लेखात ती ठिकठिकाणी घेतली आहेत.

व्याख्या आणि स्वरूप

शुद्ध स्थायू तापविला की त्याचे तापमान वाढत जाते. मात्र वितळण्यास सुरुवात झाल्यावर उष्णता देत राहूनही तापमान वाढत नाही. शेवटचा कण द्रवरूप होईपर्यंत ते एकाच आकड्यावर स्थिर राहते. या काळात शोषली जाणारी उष्णता कणांमधील बंध सैल करण्यात खर्च होते. तिला वितळण्याचा सुप्त उष्मा म्हणतात. द्रव थंड होऊन गोठताना हीच उष्णता परत मिळते, म्हणून शुद्ध पदार्थाचा द्रवणांक व गोठणांक एकच असतो. काही द्रव मात्र गोठणांकाच्या खाली जाऊनही काही काळ द्रवच राहतात. गॅलियम हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

मिश्र पदार्थांना असा एक नेमका बिंदू सहसा नसतो. ते एका तापमानाला वितळू लागतात आणि दुसऱ्या, त्याहून अधिक तापमानाला पूर्ण वितळतात. महाड परिसरातील डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे बनले आहेत, तो असाच मिश्र पदार्थ होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकांतून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचून थिजला आणि त्यातून दख्खनचे पठार व सह्याद्रीची रांग तयार झाली. बेसाल्टी लाव्हा बाहेर पडताना साधारणपणे ११०० ते १२०० °से. तापमानाचा असतो. तुलना करायची तर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगडाचा डोंगर ज्या रसातून घडला, त्या रसात तांब्याचे नाणे टाकले असते तर ते वितळले असते; शुद्ध लोखंडाचा खिळा वितळला नसता.

तफावतीची कारणे

द्रवणांक हा अणू किंवा रेणू परस्परांना किती घट्ट धरून आहेत याचा निदर्शक असतो. आवर्त सारणीच्या तिसऱ्या आवर्तात डावीकडून उजवीकडे गेल्यास हे स्पष्ट दिसते. सोडियम ९७.८ °से. ला वितळतो, मॅग्नेशियम ६५० °से. ला, ॲल्युमिनियम ६६०.३ °से. ला आणि सिलिकॉन १४१४ °से. ला. सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी सहसंयुज बंधांनी बांधलेला असून संपूर्ण स्फटिक एकाच जाळ्याचा बनलेला असतो. त्याच्या पुढच्याच घरातील पांढरा फॉस्फरस मात्र ४४ °से. ला वितळतो, कारण तो सुट्या रेणूंचा बनलेला असून रेणूरेणूंमधील आकर्षण दुबळे असते. गंधकाचा द्रवणांक ११५ °से., तर आर्गॉनचा −१८९ °से. आहे.

अल्कली धातूंत अणूचा आकार वाढत जातो तसा धात्विक बंध सैल होतो. लिथियमचा द्रवणांक १८०.५ °से. असून पोटॅशियमचा ६३.५ °से., रुबिडियमचा ३९.३ °से. व सीझियमचा २८.५ °से. आहे. हॅलोजन मूलद्रव्यांत क्रम उलटा असतो. त्यांचे रेणू मोठे होत जातात तसे त्यांच्यामधील आकर्षण वाढते, म्हणून क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू आढळतो.

‘सामान्य तापमान’ हा शब्दप्रयोगही स्थानसापेक्ष आहे. पाठ्यपुस्तकांत पारा व ब्रोमीन ही दोनच मूलद्रव्ये सामान्य तापमानाला द्रव असतात असे वाचावयास मिळते. हे विधान थंड प्रदेशातील प्रयोगशाळेला धरून आहे. महाडला उन्हाळ्यात दुपारचे तापमान सहज ३५ °से. च्या वर जाते. त्या वेळी सीझियम आणि २९.७६ °से. ला वितळणारे गॅलियम हे दोन्ही धातू तेथे द्रवरूपातच आढळतील. सीझियम हवेत आपोआप पेट घेत असल्यामुळे त्याचा प्रयोग कोणी करू नये. गॅलियम मात्र तळहातावरही वितळते.

सोने आणि पारा ही आवर्त सारणीतील शेजारी मूलद्रव्ये आहेत. त्यांचे अणुअंक अनुक्रमे ७९ व ८० आहेत, तरीही एकाचा द्रवणांक १०६४.१८ °से. आणि दुसऱ्याचा −३८.८३ °से. आहे. पाऱ्याच्या अणूतील बाह्यतम इलेक्ट्रॉनांची जोडी पूर्ण भरलेल्या कक्षेत असते. शिवाय जड केंद्रकाभोवती अतिवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर सापेक्षतेचा परिणाम होऊन ही कक्षा आकुंचन पावते. परिणामी ते इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंशी बंध जुळविण्यास फारसे उपलब्ध राहत नाहीत. मराठीत ‘पारा चढला’ म्हणजे उष्मा वाढला असा अर्थ होतो, त्याच्या मुळाशी पाऱ्याचा हा कमी द्रवणांकच आहे. −३९ °से. च्या खाली पारा गोठत असल्यामुळे अतिशीत प्रदेशांत पाऱ्याची तापमापी निरुपयोगी ठरते व अल्कोहोलची वापरावी लागते.

नाणी: तांबे आणि सोने

महाड तालुक्यातील रायगडावर ६ जून १६७४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे असतात. नाणे पाडण्याच्या तत्कालीन पद्धतीत धातू मुशीत वितळवून ओतला जाई, थंड झाल्यावर ठोकून व कापून त्याच्या ठरावीक वजनाच्या चकत्या केल्या जात आणि चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घणाचा घाव घातला जाई. वितळविण्याची पायरी एकदाच येते. तथापि तिच्याशिवाय वजनाचा व कसाचा हिशेब जमत नाही.

सोन्याचा द्रवणांक १०६४.१८ °से. व तांब्याचा १०८४.६२ °से. आहे. दोहोंत केवळ २० अंशांचे अंतर असल्यामुळे एकच भट्टी दोन्ही धातूंना पुरते. मात्र इंधनाचा हिशेब द्रवणांकावरून होत नाही. एक किलोग्रॅम तांबे वितळविण्यासाठी, द्रवणांकाला पोहोचल्यानंतर, सुमारे २०५ किलोज्यूल सुप्त उष्मा लागतो. सोन्याला सुमारे ६३ किलोज्यूल पुरतो. तांब्याची विशिष्ट उष्माधारकताही सोन्याच्या तिप्पट आहे. म्हणजे तापमान जवळजवळ सारखे असूनही समान वजनाच्या तांब्याला सोन्याच्या सुमारे तिप्पट उष्णता लागते. त्यात द्रवरूप तांबे हवेतील ऑक्सिजन शोषून घेते, म्हणून त्यावर कोळशाचे आच्छादन ठेवावे लागते. सोन्याला ही अडचण नाही. स्वस्त नाणे पाडणे हे भट्टीच्या दृष्टीने महागाचे काम होते.

दख्खनच्या काळ्या पाषाणात तांब्याच्या खाणी नाहीत, त्यामुळे हा धातू बाहेरून येई. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचे तांबे भारतीय बंदरांत आणून विकत असत. महाड हे त्या काळी सावित्री नदीवरील व्यापारी बंदर होते आणि बाणकोटच्या खाडीतून तेथपर्यंत माल येई.

द्रवणांक कमी असण्याची दुसरी बाजू इतिहासाच्या अभ्यासकांना जाणवते. जो धातू सहज वितळवून नाणे पाडता येते, ते नाणे तितक्याच सहज पुन्हा वितळविता येते. वितळलेल्या होनातील सोने शिल्लक राहते, त्यावरील अक्षरे राहत नाहीत. शिवराई दीर्घकाळ चलनात राहिली व आजही संग्राहकांकडे पुष्कळ आढळते. शिवाजी महाराजांचे होन मात्र अत्यंत दुर्मिळ आहेत. सभासद बखरीत उल्लेखिलेले बत्तीस मण सोन्याचे सिंहासनही आज अस्तित्वात नाही. तीन ग्रॅमहून कमी वजनाचा होन कोणत्याही सोनाराच्या शेगडीवर काही मिनिटांत वितळतो, हे लक्षात घेतल्यास जे होन उरले त्यांचेच आश्चर्य वाटावे.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने रायगडावरील वाड्यांना आग लागली. लाकडी इमारतीच्या आगीत तापमान सामान्यतः ८०० ते १००० °से. पर्यंत जाते. अशा आगीत कथील (२३१.९३ °से.), शिसे (३२७.५ °से.) व जस्त (४१९.५ °से.) वितळून वाहून जातात, तांबे सहसा टिकते. जळालेल्या वास्तूंच्या राखेत तांब्याची नाणी ओळखू येण्याजोग्या स्थितीत सापडू शकतात, याचे कारण हेच होय.

मिश्रधातू आणि डाख

दोन धातू एकत्र वितळविले असता मिश्रणाचा द्रवणांक पुष्कळदा दोहोंपेक्षाही कमी होतो. रुपे ९६१.७८ °से. ला व तांबे १०८४.६२ °से. ला वितळते, परंतु सुमारे ७२ टक्के रुपे व २८ टक्के तांबे यांचे मिश्रण ७७९ °से. ला पूर्णपणे द्रव होते. सोने व तांबे यांच्या मिश्रणाचा किमान द्रवणांक सुमारे ९१० °से. आहे. भिन्न आकाराचे अणू स्फटिकाच्या रचनेत नीट बसत नाहीत, द्रवात मात्र सहज मिसळतात, म्हणून मिश्रणाला द्रवरूप अधिक सोयीचे ठरते.

सोनारकामातील डाख या तत्त्वावर आधारलेला आहे. दागिन्याचे दोन भाग जोडताना सोन्यात रुपे व तांबे मिसळून डाख तयार करतात. जोडावर टाकणखार लावून त्यावर डाखाचा बारीक तुकडा ठेवतात आणि फुंकणीने ज्योत वळवून तापवितात. डाख दागिन्याच्या आधी वितळलाच पाहिजे, आणि फार आधी वितळला तर जोडाचा कस उतरलेला असतो. एकाच दागिन्यात अनेक जोड असतील तर पहिल्या जोडाचा डाख सर्वांत उशिरा वितळणारा निवडावा लागतो. अन्यथा दुसरा जोड देताना पहिला सुटतो. तापमापीविना, केवळ धातूच्या रंगावर नजर ठेवून हे अंतर साधण्यात सोनाराचे कौशल्य असते.

कल्हई

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच किंवा कोकम यांसारखे आंबट पदार्थ ठेवल्यास ते कळकतात. आम्लामुळे तांब्याचे क्षार अन्नात उतरतात व ते अपायकारक असतात. यावरील पारंपरिक उपाय म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देणे, म्हणजेच कल्हई. कथील २३१.९३ °से. ला वितळते, पितळ त्यातील जस्ताच्या प्रमाणानुसार साधारण ९०० ते ९४० °से. ला आणि तांबे १०८४.६२ °से. ला. या सहाशेहून अधिक अंशांच्या अंतरामुळे भांड्याला धक्का न लावता कथील त्यावर द्रवरूपात पसरविता येते.

कल्हईवाला जमिनीत लहान खड्डा करून त्यात कोळसा पेटवितो, भात्याने वारा देतो आणि भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने घासतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड या वायूंत विघटन होते. त्यांतील हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो. वर जाणारा पांढरा धूर हे वायू पुन्हा एकत्र आल्याने तयार होतो. यानंतर कथलाची कांडी भांड्याला टेकविताच वितळते व बोळ्याने फिरविली असता क्षणात सर्व भांडे रुपेरी दिसू लागते. थर केवळ चिकटलेला नसतो. कथील व तांबे यांच्या सीमेवर दोहोंचे संयुग तयार होऊन तो भांड्याशी बांधला जातो.

कथलाचा कमी द्रवणांक ही कल्हईची सोय आहे, तशीच तिची मर्यादाही. पाणी किंवा आमटी असलेल्या भांड्याचे तापमान १०० °से. च्या फार वर जात नाही आणि तळणीचे तेल साधारण १८० ते १९० °से. असते, त्यामुळे नेहमीच्या स्वयंपाकात कल्हई सुरक्षित राहते. परंतु कल्हईचे भांडे मोठ्या आचेवर रिकामे ठेवले, किंवा फोडणीचे तेल धुरावेपर्यंत तापविले, तर २३२ °से. ओलांडले जाऊन कथलाचे थेंब गोळा होतात व खालचे तांबे उघडे पडते. असे भांडे पुन्हा कल्हई केल्याशिवाय आंबट पदार्थांसाठी वापरू नये.

कथील महाग असल्यामुळे त्यात शिसे मिसळण्याचा मोह होतो. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण अवघ्या १८३ °से. ला वितळते, भांड्यावर सहज पसरते आणि दिसावयास चांगले दिसते. विद्युत जोडणीच्या कामात बराच काळ हेच मिश्रण वापरले गेले. स्वयंपाकाच्या भांड्यात ते घातक ठरते. शिसे अन्नातून शरीरात साचते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. भांड्याच्या कल्हईसाठी शिसेविरहित कथीलच वापरले पाहिजे.

लोखंड: न वितळविता मिळविलेला धातू

शुद्ध लोखंडाचा द्रवणांक १५३८ °से. आहे. पारंपरिक लहान भट्टीत हे तापमान गाठता येत नसे, तरीही भारतात लोखंड हजारो वर्षांपासून तयार होत आले आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढल्यावर लागणाऱ्या महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याचा थर आहे आणि जांभ्यात लोहाची ऑक्साइडे विपुल असतात. या खनिजापासून लोखंड काढणारे कारागीर धावड या नावाने ओळखले जात.

अशा भट्टीत खनिज व कोळसा यांचे थर रचून भात्याने वारा देतात. कोळशापासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेतो. ही अभिक्रिया लोखंडाच्या द्रवणांकाच्या पुष्कळ खाली, ८०० °से. च्या आसपासही घडते. म्हणजे लोखंड स्थायू अवस्थेतच तयार होते. द्रव होते ती मळी. खनिजातील वाळूचा अंश व लोहाचे ऑक्साइड यांपासून बनणारे सिलिकेट सुमारे १२०० °से. ला वितळून खाली निथळते. मागे राहतो तो सच्छिद्र, स्पंजासारखा लोखंडाचा गोळा. तो लालबुंद असतानाच घणाने ठोकून उरलेली मळी पिळून काढतात व लोखंड एकजीव करतात. या पद्धतीचा पाया दोन द्रवणांकांमधील फरकावर आहे. मळी वितळते, धातू वितळत नाही. मात्र मळीबरोबर लोहाचा मोठा अंश वाया जातो आणि कोळसा फार लागतो. एकोणिसाव्या शतकात जंगलांवरील सरकारी निर्बंध, कोळशाची टंचाई आणि स्वस्त विलायती लोखंड यांपुढे धावडांचा धंदा टिकला नाही.

त्या विलायती लोखंडाचे रहस्यही द्रवणांकातच होते. लोखंडात कार्बन मिसळला की त्याचा द्रवणांक झपाट्याने उतरतो व ४.३ टक्के कार्बनाच्या मिश्रणात तो ११४७ °से. इतका, म्हणजे तांब्याच्या जवळपास येतो. उंच झोतभट्टीत लोखंडाचा कोळशाशी दीर्घकाळ संपर्क राहून ते पुरेसा कार्बन शोषते आणि द्रवरूपात बाहेर पडते. चीनमध्ये हे तंत्र दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वापरात होते. युरोपात ते पुष्कळ नंतर प्रचारात आले, पण तोफा ओतण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला.

तोफांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली व आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ काशाची आहे, कारण तांबे व कथील यांचे मिश्रण वितळविणे भट्टीच्या आवाक्यात होते. तंजावरची मोठी लोखंडी तोफ मात्र ओतलेली नसून घडीव लोखंडाच्या पट्ट्या व कडी तापवून, ठोकून जोडलेली आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरील इंग्लंडच्या लो मूर कारखान्याच्या तोफा ओतीव लोखंडाच्या आहेत.

घडीव व ओतीव लोखंड यांच्या मधोमध पोलाद येते. दक्षिण भारतात, विशेषतः तेलंगण, म्हैसूर व सेलम या भागांत, घडीव लोखंडाचे तुकडे वनस्पतींच्या काड्यापानांसह मातीच्या मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवीत. सुमारे दीड टक्का कार्बन शोषलेले हे लोखंड १४०० °से. च्या आसपास वितळे आणि त्यापासून जगप्रसिद्ध मूस-पोलाद मिळे. मराठीतील ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आला आहे. पोलादपूरच्या नावात तो दिसतो म्हणून तेथे पोलाद ओतले जात असे, असा तर्क मात्र करू नये.

अतिउच्च द्रवणांक

टंगस्टन (३४२२ °से.), रेनियम (सुमारे ३१८५ °से.), ऑस्मियम (सुमारे ३०३३ °से.) व टँटलम (सुमारे ३०१७ °से.) हे धातू सर्वांत उशिरा वितळतात. टंगस्टनच्या अणूतील अनेक इलेक्ट्रॉन धात्विक बंधात भाग घेत असल्यामुळे तो इतका घट्ट असतो. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनचे खनिज आढळते.

टंगस्टन वितळवून ओतण्यासाठी त्याहून उशिरा वितळणारी धातूची मूस मिळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस विल्यम कूलिज यांनी दिव्याची तार तयार करताना ही अडचण टाळली. टंगस्टनची भुकटी दाबून तिची कांडी केली, ती वितळू न देता तापवून कण परस्परांशी सांधले, मग ठोकून-ठोकून कांडी लांबविली व शेवटी तार ओढली. तत्त्वतः ही धावडांचीच रीत होय: जो धातू वितळत नाही तो तापवून घणाखाली एकजीव करणे.

कार्बनची गोष्ट वेगळी आहे. नेहमीच्या दाबाखाली ग्रॅफाइट वितळतच नाही; सुमारे ३६०० °से. च्या पुढे त्याचे सरळ वायूत रूपांतर, म्हणजे संप्लवन होते. द्रव कार्बन मिळविण्यासाठी वातावरणाच्या सुमारे शंभर पट दाब लागतो. अर्सेनिकही नेहमीच्या दाबाखाली न वितळता संप्लवन पावते. दुसऱ्या टोकाला हीलियम आहे. नेहमीच्या दाबाखाली निरपेक्ष शून्याच्या कितीही जवळ नेले तरी तो गोठत नाही. त्यासाठी सुमारे २५ वातावरण दाब द्यावा लागतो. त्यामुळे हीलियमच्या द्रवणांकाचा आकडा दाबाचा उल्लेख केल्याशिवाय निरर्थक ठरतो.

तापमापनातील स्थान

तापमापी उपलब्ध होण्यापूर्वी कारागीर भट्टीचे तापमान रंगावरून ओळखीत. मंद लाल रंग सुमारे ६०० ते ७०० °से. दर्शवितो, नारिंगी ९०० ते १००० °से., तर पिवळसर पांढरा १२०० °से. च्या पुढचा असतो. मूलद्रव्यांचे द्रवणांक स्थिर असल्यामुळे आधुनिक तापमापीची चाचणी त्यांच्याच आधारे घेतली जाते. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत गॅलियमचा द्रवणांक (२९.७६४६ °से.) आणि कथील, जस्त, ॲल्युमिनियम, रुपे, सोने व तांबे यांचे गोठणांक हे प्रमाणबिंदू म्हणून स्वीकारले आहेत. ९६१.७८ °से. च्या वरील तापमान मोजताना रुपे, सोने किंवा तांबे यांपैकी एक धातू गोठत असताना त्याच्या तापमानाला बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता आधार धरतात आणि अज्ञात तापमानाच्या पदार्थाच्या प्रकाशाची तिच्याशी तुलना करतात.